एकदा दाबलं की थांबायचं

"घरीच बघू," आबा म्हणाले, आणि बाहेरच्या खोलीत सगळे एकदम गप्प झाले.

गप्प होण्यासारखंच होतं ते. टीव्हीवर सिनेमा बघणं म्हणजे किल्लीच्या भोकातून लग्न बघणं, हे याच माणसाने मुलाला, मुलीला, सुनेला आणि टीव्ही बसवायला आलेल्या मेकॅनिकलाही सुनावलं होतं. उभी हयात थिएटरच्या केबिनमध्ये रिळं फिरवण्यात गेली होती त्यांची. थिएटर बंद पडून वर्षं लोटली तरी गल्लीत त्यांना ऑपरेटर म्हणूनच ओळखत. असा माणूस घरीच बघू म्हणाला, तर घरच्यांनी त्याचा ताप बघायला हवा होता.

"आबा, बरं आहे ना तुम्हाला?" धाकट्या मुलीने विचारलं. ती पार्लर लवकर बंद करून मुद्दाम आली होती. "तिकिटं काढून झालीत. उद्या दुपारचा खेळ. तुमचा वाढदिवस आणि आपल्या थिएटरच्या जागी उभं राहिलेलं नवं थिएटर. याहून चांगला मुहूर्त मिळणार आहे का?"

आपलं थिएटर! मालक कोणी दुसराच होता आणि त्याने जाताना आबांच्या हातावर एक घड्याळ ठेवलं होतं. पण हे घर आजतागायत त्याला आपलं थिएटरच म्हणायचं.

"कोणता सिनेमा?" आबांनी विचारलं.

"नवा आहे. परवाच लागला."

नवा. आबांनी चेहरा मुलीच्या आवाजाकडे वळवून ठेवला आणि हसू तोंडावरून ढळू दिलं नाही. हे त्यांना आता छान जमायला लागलं होतं. बोलणाऱ्याच्या आवाजाकडे तोंड करायचं, मध्येच मान हलवायची, कपाची जागा बशीच्या आवाजावरून ओळखायची. जुने सिनेमे तर पाठच होते. दार करकरलं की कोण आत येतं, पावसाचा आवाज आला की कोण रडतं, सगळं ठाऊक. पण नव्या सिनेमातलं एकही दार त्यांच्या ओळखीचं नव्हतं.

काचबिंदू, डॉक्टर म्हणाले होते. गेलेली नजर परत येत नाही, आहे ती टिकली तर नशीब. ती टिकली नव्हती. आता समोर हलता उजेड आणि हलता अंधार, एवढंच उरलं होतं. डॉक्टर सोडले तर हे जगात तिघांनाच माहीत होतं. त्यांना, त्यांच्या बायकोला म्हणजे माईंना आणि दुसरीत शिकणाऱ्या नातीला, ठिणगीला.

"यांचे गुडघे हल्ली धरतात," माई स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाल्या. "पायऱ्या नकोत उगाच."

"रोज चौक ओलांडून ठिणगीला शाळेतून आणतात ते!" धाकटी म्हणाली. "तेव्हा नाही धरत गुडघे?"

माई आत वळल्या. पटकन काही सुचण्यातली त्यांची हुशारी तेवढ्यावरच संपायची. आबा मात्र सावध झाले. चौकाचं नाव निघालं होतं. जास्त नाही नाही म्हटलं, तर कोणीतरी का म्हणून विचारील, आणि एकदा का सुरू झालं की शाळेची वाट पहिली जाईल. मग उरेल काय? मागच्या दाराशी एक खुर्ची. त्यांच्या वडिलांचेही डोळे असेच गेले होते आणि म्हातारा मरेपर्यंत त्या खुर्चीत बसून होता. लोक समोर ताट ठेवायचे, उचलायचे, आणि तो बसलाय हे विसरून त्याच्याबद्दलच बोलायचे. आबा स्वतः तसं बोलले होते.

"जाऊ की," ते म्हणाले. "मी आपला गंमत करत होतो. पण ठिणगी माझ्या शेजारी बसेल हां."

ठिणगी टेबलाखाली चित्र रंगवत होती. जुन्या प्रोजेक्टरमध्ये कार्बनच्या कांड्या पेटवताना उडायची तशी आहेस, म्हणून आबांनीच ठेवलेलं हे नाव. तिने वर बघितलं आणि हातातला खडू डबीत ठेवून दिला.

*

सून रक्तपेढीत कामाला होती. दिवसभर बाटल्यांवरची नावं आणि गट ताडून बघायचे. चूक झाली तर माणूस जातो. त्यामुळे ती घरीही सगळं दोनदा बघायची आणि नवरा तिला त्यावरून चिडवायचा. एवढी बारीक नजर असून तिला हे दिसलं नाही, आणि याबद्दल तिने स्वतःला पुढे फार छळलं. पण खरं सांगायचं तर दोष तिचा एकटीचा नव्हता. आपण फार प्रेमळ आहोत असं या घराला वाटायचं आणि त्यापायी ते आंधळं झालं होतं.

थिएटर उरलं नाही म्हणून नाइलाजाने रविवारी दुपारी घरात टीव्हीवर आबांचा खेळ असायचा. पडदे ओढायचे, फोन फ्रिजवरच्या टोपलीत, मध्यंतर झाल्याशिवाय कोणी उठायचं नाही. आणि बोलायचं तर अजिबात नाही. माईंच्या सख्ख्या भावाला त्यांनी एकदा चालू खेळातून बाहेर काढलं होतं, आणि तो बिचारा नायिका बारीक झाली एवढंच म्हणाला होता. थोरल्याने लहानपणी शेजारी बसून कुजबुज केली म्हणून पाठीत धपाटे खाल्ले होते. अशा दरबारात गेल्या वर्षभरापासून ठिणगी आबांना चिकटून बसायची आणि खुशाल त्यांच्या कानात बोलत राहायची. आबा ऐकून घ्यायचे.

"नातीला सगळं माफ!" थोरला म्हणायचा. त्याचा धपाट्यांचा हिशेब अजून मिटला नव्हता, पण तो हे कौतुकानेच म्हणायचा.

त्याने तर आणखी एक पाहिलं होतं. जुन्या सिनेमात रीळ संपत आलं की पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात वर क्षणभर एक गोल ठिपका चमकतो. ठिपका दिसला की ऑपरेटरने दुसरं मशीन सुरू करायचं. सवयीने आबा घरीही ठिपक्याला खुर्चीच्या हातावर बोट आपटायचे. अलीकडे टीव्हीवर असाच एक जुना सिनेमा धुऊनपुसून नवा करून लागला, त्यात ठिपके काढून टाकलेले. तरी आबांचं बोट बरोब्बर जागेवर आपटलं. थोरल्याने ते बस डेपोत चार जणांना सांगितलं. काय स्मरणशक्ती आहे म्हाताऱ्याची, म्हणाला. ठिपका नसताना बोट का आपटलं, हा प्रश्न एकालाही पडला नाही. ऑपरेटरच्या घरातली माणसं. ठिपक्याचा अभिमान बाळगण्यात त्यांचं बघायचं राहून गेलं.

आणि पंधरवड्यापूर्वी ठिणगी पाण्याची बाटली चपटी करून घरी आली होती. गुडघा सोललेला. "हातातून सुटली, आई. गाडीखाली गेली," एवढंच बोलली. आईने गुडघा धुतला, नवी बाटली आणली आणि रागावली. वस्तू जपून वापरायला नकोत का?

*

नव्या थिएटरात गार वारा आणि गालिच्याचा कोरा वास होता. एका मोठ्या पडद्याचे तीन लहान झाले होते. धाकटी पुढे फोन नाचवत, मागे थोरला, त्यामागे ठिणगीचा हात धरून आबा. तीन पावलं मागे माई, पायऱ्यांच्या कठड्याला चिकटून, जणू तोल त्यांचाच जाणार होता.

"आबा, बदललंय की नाही सगळं?" हॉलमध्ये शिरताच धाकटीने विचारलं.

"पार बदललंय," आबा म्हणाले. ते भिंतीकडे बघत होते. "पण पडद्याची भिंत तीच ठेवलीय. आवाज तसाच परत येतो. म्हणजे ते डावीकडचं दार, तिथून बोळातून माझ्या केबिनचा जिना."

"आता तिकडे काय आहे कोण जाणे. चला."

रांगेकडे जाताना सुनेला ठिणगीचा आवाज आला. "पायरी. अजून एक. आता सपाट." किती काळजी करते पोर, असं वाटून तिला बरं वाटलं. हेही तिला नंतर आठवायचं होतं.

रांगेत टोकाला सून, मग ठिणगी, मग आबा, माई, धाकटी आणि पलीकडे थोरला. दिवे गेले. घरी दिवे घालवले तरी फटीतून दुपार आत येतेच, फ्रिज घुरघुरतो, कोणाचीतरी कढई वाजते. इथला अंधार सगळ्या बाजूंनी येऊन बसला. सुनेला सिनेमागृहातला हा क्षण लहानपणापासून आवडायचा. आपला हातही दिसत नाही आणि तरी शेजारी आपली माणसं आहेत.

सिनेमा विनोदी होता. पहिल्या पाच मिनिटांतच लोक खिदळायला लागले. ठिणगीची कुजबुज सुरूच होती. पुढच्या रांगेतल्या बाईने मागे वळून पाहिलं, तशी सून लेकीच्या कानाशी वाकली. गप्प बस म्हणणार होती. पण आधी कानावर आलं ते असं.

"जाडा माणूस खुर्चीवर चढला. लोक हसले ना, ते खुर्ची मोडली म्हणून. आता बाई आली. हिरवी साडी. ती रागावलीय, पण बोलत नाहीये, नुसतीच बघतेय."

सून वाकलेली तशीच राहिली. ही गोष्ट सांगणं नव्हतं. जे दिसतंय तेच पोर सांगत होती, एका माणसामागून एक, आणि आबा हसत होते ते सगळ्यांच्या मागून, ठिणगीचं वाक्य संपल्यावर.

तिने मान वळवली. पडद्याच्या उजेडात सासऱ्यांचा चेहरा दिसत होता. डोळे उघडे होते. पडद्यावर एकदम पांढरा उजेड झाला, सगळ्यांच्या पापण्या मिटल्या. त्यांची एकही हलली नाही.

पडद्यावर हिरव्या साडीची बाई रस्त्याच्या कडेला आली. गाड्यांचे आवाज सुरू झाले. आणि ठिणगीचा स्वर बदलला. आत्तापर्यंत ती सांगत होती, आता हुकूम सोडायला लागली. सवयीने, पाढे म्हणावेत तशी.

"थांबा, आबा. लाल गाडी. थांबा. स्कूटर. थांबा. अजून नाही." मग जरा वेळाने, "चला."

सुनेने खाली बघितलं. खुर्च्यांच्या मधल्या हातावर ठिणगीचा पंजा आबांच्या पंजात होता. 'थांबा' म्हणताना तिने तो एकदा दाबला होता. 'चला' म्हणताना दोनदा. आणि दोनदा दाबल्याबरोबर आबांचा उजवा पाय गालिच्यावरून इंचभर पुढे सरकला.

चौक. रोज दुपारी. चौपदरी रस्ता, शाळेसमोरून वळणारे ट्रक, सिग्नल असून नसल्यासारखा. चपटी झालेली बाटली. तिला आत्ताच्या आत्ता लेकीला उचलून बाहेर पळावंसं वाटत होतं, आणि लेक तर इथे, मऊ खुर्चीत, अगदी सुखरूप बसली होती. भोवती लोक पोट धरून हसत होते. ती मध्यंतराची वाट बघत बसली, दोन्ही हातांनी ठिणगीचा फ्रॉक मुठीत धरून.

*

थोरला पॉपकॉर्नचे डबे छातीशी धरून वळला, तर पाण्याच्या नळापाशी त्याची बायको माईंना भिंतीला खेटवून उभी होती. सासूशी ती कधी चढ्या आवाजात बोलली नव्हती. आताही आवाज चढलेला नव्हता. म्हणूनच त्याला भीती वाटली.

"कधीपासून, माई?"

"अगं, हळू. लोक बघतात."

"कधीपासून दिसत नाहीये आबांना?"

थोरल्याच्या हातातला एक डबा कलला आणि लाह्या गालिच्यावर सांडल्या.

"काय बोलतेस तू?" तो म्हणाला.

"तुमच्या वडिलांना दिसत नाही. ठिणगी त्यांना चौक ओलांडून आणते. ते तिला नाही, ती त्यांना. सात वर्षांची पोर!"

"थोडं दिसतं," माई म्हणाल्या. "उजेड कळतो त्यांना."

"उजेड!" सून म्हणाली. "माई, ट्रकला काय उजेड असतो का?"

धाकटी धावत आली. "वहिनी, अगं माईशी काय बोलतेस अशी? आबांना काही झालं असेल तर आपण डॉक्टरकडे नेऊ ना. आणि इतके दिवस व्यवस्थितच आणतायत की ते."

"व्यवस्थित? ताई, बाटली बघितली होती मी. बाटलीच्या जागी..."

"दादा, तू तरी सांग हिला. शाळेची वाट काढून घेतली तर आबा संपतील. आजोबांची खुर्ची विसरलास?"

थोरला बस चालवायचा. उंच सीटवरून चौक कसा दिसतो हे त्या चौघांत त्यालाच माहीत होतं. लहान मूल तर दिसतच नाही. दिसतो फक्त मोठा माणूस, आणि तो ज्या खात्रीने पाऊल टाकतो त्यावरून ड्रायव्हर ठरवतो की याने आपल्याला पाहिलंय. आबा तर किती ताठ चालायचे! त्यांना बघून कोणत्याही ड्रायव्हरने ब्रेकवरचा पाय काढला असता. त्यानेही काढला असता.

"माई," तो शेवटी म्हणाला, "तू मला का नाही सांगितलंस?"

"सांगणार होते रे. रोज सांगणार होते." माई पदराने तोंड पुसायला लागल्या. "दुपारी ती दोघं येईपर्यंत मी खिडकीत उभी असते. कोपऱ्यावर दिसली की बसते. तुला काय वाटतं, मला सुख होतं?"

घंटा वाजली. लोक आत जायला लागले. तेवढ्यात बाथरूमच्या बाजूने ठिणगी एकटीच आली, हात फ्रॉकला पुसत.

"आबा कुठे आहेत?" सुनेने विचारलं.

"खुर्चीत. मी म्हटलं हलू नका, मी येतेच."

पाचही जण आत गेले. दिवे मंदावत होते. त्यांच्या रांगेत आबांची खुर्ची रिकामी होती आणि तिचं बसायचं फळकूट आपोआप वर उचललं गेलं होतं.

धाकटीने हाक मारली. कोणीतरी शुक्‌ केलं. थोरला रांगारांगांतून वाकून चेहरे बघत सुटला. पडदा उजळला, पुन्हा काळा झाला. त्या काळोखात त्याला ती दिसली, पडद्याच्या डाव्या अंगाला जमिनीपासून वरपर्यंत गेलेली दिवसाच्या उजेडाची एक उभी रेघ. दार किलकिलं होतं. केबिनच्या जिन्याचं दार.

आबांना बाहेरची बोलणी ऐकू गेली नव्हती, पण मध्यंतर होताच सून ज्या तऱ्हेने उठली ते त्यांना कळलं होतं. कळलंय हिला, त्यांच्या मनात आलं, आणि इतकी भीती वाटली की तिथे बसवेना. जिथे आपल्याला कोणी कधी काही विचारलं नाही अशी एकच जागा त्यांना माहीत होती. भिंतीला हात लावत ते तिकडे निघाले. दाराला आडवी दांडी होती, पूर्वी नव्हती. ढकलली. पुढे बोळ आणि जिना असायला हवा होता.

पुढे रस्ता होता.

थोरला दारातून बाहेर पडला तेव्हा ते फुटपाथच्या अगदी कडेला उभे होते, बुटांची टोकं हवेत. उजवा हात शरीरापासून जरा लांब, खाली झुकलेला, ठिणगीच्या उंचीवर. त्या हातात कोणी नव्हतं. वळणावरून बस येत होती. ड्रायव्हर या बाजूला उभ्या असलेल्या टेम्पोमागचं काही बघू शकत नाही, हे थोरल्याला कळलं. तोंड उघडलं आणि आवाज काढायची छाती होईना. हाक मारली आणि दचकून पाऊल पुढे पडलं तर?

त्याच्या कोपराखालून काहीतरी सरकून पुढे गेलं. ठिणगी. ती धावली नाही. रोजच्यासारखी चालत गेली, आबांच्या उजव्या बाजूला उभी राहिली, त्यांच्या रिकाम्या हातात हात दिला आणि एकदा दाबला.

बस त्यांच्या समोरून गेली. वाऱ्याने आबांचा सदरा फुगला आणि खाली बसला.

मग दोनदा दाबायचं असतं. ठिणगीने दाबलं नाही. तिने त्यांना हळूच मागे वळवलं आणि पायऱ्यांपर्यंत आणलं.

*

"बघितलंत?" आबा म्हणाले. ते पायरीवर बसले होते. त्यांच्या आवाजात विजय होता, आणि तोच सुनेला सहन होईना. "मी थांबलोच होतो. तिच्याशिवाय मी पाऊल टाकत नाही. कधीच टाकलं नाही. जास्त काळजी मीच घेतो."

"बघ वहिनी," धाकटी रडत रडत म्हणाली. "तेवढी शिस्त आहे त्यांना."

"आबा, तुमच्या शिस्तीबद्दल बोलत नाहीये मी," सून म्हणाली.

"मग कशाबद्दल? आमचा खेळ आहे तो. एकदा दाबलं की थांबायचं, दोनदा दाबलं की चालायचं. तिला मजा येते. हो ना गं ठिणगे?"

सगळे ठिणगीकडे बघायला लागले. इतका वेळ भांडण तिच्यावरून चाललं होतं आणि तिला कोणी काही विचारलं नव्हतं.

"मला भीती वाटते," ती म्हणाली.

"रस्त्याची?" आईने विचारलं.

"नाही. दोनदा दाबायची."

आबांचा चेहरा तिच्या आवाजाकडे वळला.

"थांबा म्हणायला नाही भीती वाटत," ठिणगी म्हणाली. "पण चला म्हटलं आणि मग गाडी आली तर? त्या दिवशी मी दोनदा दाबलं होतं. तेव्हा गाडी नव्हती. मग आली. मी ओढलं तुम्हाला आणि बाटली खाली गेली. तुम्ही म्हणालात, काय पडलं गं? मी म्हटलं, बाटली."

"तू म्हणालीस, हातातून सुटली," आबा म्हणाले.

"मग मी रात्री झोपेत पण बघते. इकडे बघते, तिकडे बघते. सिनेमात पण सगळं बघावं लागतं. मध्येच डोळे मिटले तर तुम्हाला कळणार नाही ना काही."

आबांनी हात पुढे केला, आणि मध्येच मागे घेतला. मांडीवर ठेवला. माई त्यांच्या शेजारी पायरीवर येऊन बसल्या.

"उद्यापासून तिला तू आण," ते सुनेच्या दिशेने म्हणाले. "किंवा कोणीही आणा. मी जाणार नाही."

सुनेला वाटलं होतं, हे ऐकलं की जिवात जीव येईल. आला नाही. पायरीवर बसलेला माणूस एवढ्यात केवढा लहान दिसायला लागला होता!

"एकच सांगतो," आबा म्हणाले. "मागच्या दाराशी खुर्ची टाकू नका. मला भीती वाटते तिची. माझ्या वडिलांना काय वाटायचं ते मी एकदाही विचारलं नव्हतं."

नाही टाकणार असं म्हणणं सोपं होतं, म्हणूनच कोणाची जीभ उचलेना. तो म्हातारा खुर्चीत बसला तेव्हाही कोणी ठरवून बसवलं नव्हतं. तसं होत गेलं होतं.

थोरल्याने कोपराला धरून वडिलांना उठवलं. "चला," तो म्हणाला. "खेळ सुरू झालाय. अर्ध्यातून उठायचं नाही, तुम्हीच म्हणता ना."

आत जाऊन बसताना जागा बदलल्या. आबांच्या शेजारी थोरला बसला. ठिणगी टोकाच्या खुर्चीत आईच्या कुशीत. पडद्यावर काहीतरी धांदल चालली होती, लोक हसत होते, आणि आबा पडद्याकडे तोंड करून, हसू न आणता बसले होते. आता लपवायचं काही उरलं नव्हतं, तर चेहऱ्याचं काय करायचं हे त्यांना कळत नव्हतं.

थोरल्याने घसा खाकरला. चालू खेळात वडिलांच्या कानाशी बोलायचं म्हणजे आजही त्याची पाठ आक्रसली.

"बाई आली," तो म्हणाला.

"कोणती?" आबांनी विचारलं.

"तीच. साडीवाली."

"साडी कोणती? नीट सांग. पोरगी छान सांगते."

"निळी. दार उघडतेय. आत कोणी नाही. ती घाबरलीय, आबा." मग तो थबकला. तळहाताने त्याने आधी आपला डावा डोळा झाकला आणि पडद्याकडे बघितलं. मग उजवा. आजोबा, मग आबा. मग कोण? सुनेने ते पाहिलं आणि नजर वळवली. त्या भीतीला आज तिच्याकडे जागा नव्हती.

"पुढे?" आबा म्हणाले.

"पुढे... थांबा, बघतो."

ठिणगी काही वेळ पडद्याकडे बघत होती. मग तिने मागे टेकून बघितलं की बाबा सांगतायत का, आबा ऐकतायत का. दोन्ही चाललं होतं. मग भर सिनेमात, लोक हसत असताना, तिने डोळे मिटून घेतले आणि लगेच झोपली.

सुनेने तिचा हात आपल्या हातात घेतला. जरा वेळाने झोपेतच तो हात आवळला गेला. एकदा. आई श्वास रोखून दुसऱ्यांदा दाबण्याची वाट बघत राहिली. सिनेमा संपला, दिवे लागले, लोक उठून गेले, तरी ती तशीच बसून होती.